साहेब बुवांच्या जागेवर उभे राहिले!

प्राथमिक शाळेत इंग्रजी कसं शिकवावं, हे अख्ख्या मुंबई इलाख्यात फक्त मला कळलेलं आहे. हे मी गर्वानं सांगत नाही. गर्व वाईट, असं दर कीर्तनात सांगतात आणि मी आजवर एकही कीर्तन चुकवलेलं नाही. पण खरं ते खरं!

त्याचं झालं असं. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. गावोगावचे शिपाई घरी परतत होते आणि इंग्रजीचे चार शब्द पितळेच्या बिल्ल्यासारखे छातीवर मिरवत होते. स्कूल बोर्डाच्याही मनात आलं की चौथीपासून इंग्रजी सुरू करून बघावी. म्हणून साताऱ्याला आम्हा हेडमास्तरांची सभा भरली. शिक्षण खात्याचे साहेब खुर्चीत. उंच, सडपातळ, नाकावर चष्मा, आणि मनगटावरचं घड्याळ एवढं मोठं की त्यावर पोळी लाटता यावी!

साहेबांनी विचारलं, "पोरांना इंग्रजी कशी शिकवावी? योजना सांगा."

एक म्हणाला तक्ते लावावेत. एक म्हणाला आधी व्याकरण पाठ करून घ्यावं. वाईकडचे एक गुरुजी म्हणाले, "छडी!" आणि खाली बसले. योजना संपली!

मी उभा राहिलो. "साहेब, कीर्तनातून."

सभेत एवढी शांतता पसरली की भिंतीवरची पाल चुकचुकलेली सगळ्यांना ऐकू आली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बहुधा मी नीट दिसत नसेन.

"कीर्तनातून? इंग्रजी?"

"होय साहेब! आमच्या कुंभारदऱ्याच्या बायाबापड्यांना सही येत नाही, अंगठा उठवतात. पण अभंग म्हणायला बसल्या तर दिवस मावळेल, अभंग सरायचे नाहीत. त्यांना कुणी शिकवले? तक्त्यानं? छडीनं? बुवांनी ओळ म्हटली, टाळकऱ्यांनी उचलली, पाठ झाली! जे अभंगाला जमतं ते इंग्रजीला का जमू नये?"

सगळे हसले. वाईकडच्या गुरुजींना तर ठसकाच लागला. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरं. तुम्हाला एक संधी आणि छडीवाल्यांना एक. दिवाळीनंतर मी दोन्ही शाळा बघेन. जिथली मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतील, त्या शाळेला इंग्रजीचा वर्ग आणि इंग्रजीचा शिक्षक मिळेल. दुसरीला काही नाही."

मी घरी आलो तो वाऱ्यावरच! पण आमच्या घरी वारा अडवायला रंगूबाई आहे. ही माझी बायको. तिनं ताट वाढता वाढता सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमाला येतंय व्हय इंग्रजी?"

"तीन इयत्ता झाल्यात माझ्या इंग्रजी!"

"कवा?"

"लग्नाआधी."

"मग ऱ्हायलं असंल त्यातलं! काल बाजारात धाडलं तवा काय आणायचं हुतं, ते वेशीपातूर ध्यानात ऱ्हायलं न्हाई तुमच्या."

मी भात कालवला. संतांनाही घरून फार पाठिंबा नव्हता!

दुसऱ्या दिवशी हरणाबाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, तो परत आलाच नाही. मागं ही आणि चौथीतली पोरगी अंबू. हरणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं मास्तर, आयकलं ते खरं हाय का? आपल्या साळंत इंग्रजी येनार म्हनं?"

"येणार म्हणजे काय! आलीच समज."

"मला अंबूला नर्स करायची हाय. मिरजंच्या दवाखान्यात गेल्ते, तर तितल्या मोठ्या नर्सबाई बोलल्या, इंग्रजी शिकवा पोरीला, मग आना. साताऱ्याला कुनाकडं ठिवू मी तिला? पोराला ठिवत्यात मानसं. पोरीला कोन ठिवून घेतंय? हितं न्हाई झालं मास्तर, तर खुरपं हाय तिच्या नशिबात."

मी तिथल्या तिथं चिपळ्या वाजवून सांगितलं, "हरणाबाई, तुझी अंबू साहेबाशी इंग्रजीत बोलेल! पांडुरंगाची शपथ!"

शपथ घेताना पांडुरंग समोरच होता. कारण वळवाच्या वाऱ्यात शाळेचं छप्पर उडाल्यापासून आमची शाळा विठोबाच्या देवळात, सभामंडपातच भरत होती. कीर्तनाच्या पद्धतीला याहून चांगली जागा कुठली? मधल्या खांबाजवळ एक गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर उभं राहून पिढ्यान् पिढ्या बुवांनी कीर्तनं केली. तिथं मी उभा. समोर दोन रांगांत टाळ घेऊन चौथीची पोरं. आणि पेटीवर मौला.

मौला आमच्या गावचा पिंजारी. दिवसभर कापूस पिंजतो, पण पेटीला हात लावला की बोटं अशी पळतात, जणू कणगीतले उंदीर! दर एकादशीला देवळात पेटी त्याचीच.

"मास्तर," त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "इंग्रजी कंच्या रागात बसवायची?"

"भूपात. आणि शेवटाला भैरवी!"

"भैरवी झाली की संपलं, आसंच नव्हं?"

"तसंच."

आणि काय सांगू तुम्हाला! इंग्रजी अशी भिनली की ज्याचं नाव ते! मी चिपळ्या वाजवून विचारायचं, "व्हॉट इज धिस?" पोरांनी टाळ वाजवत उचलायचं, "व्हॉट इज धिस?" पुन्हा मी, पुन्हा पोरं, एकेक पट्टी चढवत. मंडप तापला की मी हात वर करायचा आणि उत्तर द्यायचं, "धिस इज ए काऊ!" की पोरांचा गजर, "धिस इज ए काऊ!" घुमटातली पारवं उडून जायची. पंधरवड्यात "काऊ इज मदर ऑफ काफ" एवढं लांब वाक्य पोरांनी असं म्हटलं की बाहेर बांधलेली पाटलाची गाय हंबरली. ती गाय इंग्रजीत हंबरली असं मी म्हणत नाही. पण हंबरली!

गुरं राखणारी पोरं ओढ्यात "काऊ इज मदर" म्हणायला लागली. जात्यावर बाया म्हणायला लागल्या. लालासाहेब सुभेदार पलटणीतून पेन्शनीवर आलेले, मिशा एवढ्या की त्यावर धुणं वाळत घालावं. ते एकदा वर्ग ऐकून म्हणाले, "मास्तर, इटलीत गोऱ्या कप्तानाच्या तोंडून बी आसं साफ इंग्रजी न्हाई आयकलं मी!"

फक्त रंगूबाई तेवढी खुसपट काढायची. "आवं, पोरं बोलत्यात का नुसती म्हनत्यात?"

"त्यात फरक काय?"

"मी तुमाला जेवा म्हनलं, आन् तुमी मलाच जेवा म्हनलात, तर जेवंल कोन?"

बायकांना अध्यापनशास्त्र कळत नाही. मी सोडून दिलं.

तालुक्याहून निरोप आला. साहेब येणार! आणि दिवस कुठला, तर कार्तिकातली एकादशी! मी म्हटलं, देवानंच तारीख काढली. मौलाला सांगितलं, "मौला, एकादशीला साताऱ्याहून मोठी असामी येणार. पेटी पुसून आण. इंग्रजी होणार!"

माझं एवढंच बोलणं. पण मौला ते पिंजारवाड्यात बोलला, पिंजारवाड्यातून ते पाणवठ्यावर गेलं आणि पाणवठ्यावरून गावभर पसरलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की एकादशीला साताऱ्याहून मोठे बुवा येणार आणि इंग्रजीत कीर्तन करणार!

मला हे कुणी सांगितलं नाही. मी पोरांना टाळ घासायला लावले होते.

एकादशीच्या सकाळी सर्व्हिस मोटारीतून साहेब उतरले. कोट, पाटलोण, डोक्यावर टोपी. देवळात पाऊल टाकलं तर मंडप गच्च! आख्खं गाव! बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, म्हातारी माणसं खांबांना टेकून. मला वाटलं, शिक्षणाविषयी केवढी ही आस्था! ऊर भरून आला.

साहेब म्हणाले, "हे सगळे पालक?"

"होय साहेब!" मी म्हटलं. गाव म्हणजे कुणाचा ना कुणाचा पालकच की!

साहेबांना पोरं नीट दिसावीत म्हणून मी त्यांना मधल्या खांबाजवळ, त्या गुळगुळीत फरशीवर उभं केलं. तेवढ्यात लालासाहेब पुढं झाले आणि साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मागनं पाटलांनी कपाळाला बुक्का लावला. साहेबांना वाटलं, स्वागत. मलाही वाटलं, स्वागत. गावाला काय वाटलं ते आता तुम्हाला कळलंच असेल!

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या अंबूकडं बोट केलं आणि विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

अंबूनं टाळ वाजवला. सगळ्या पोरांनी टाळ वाजवले. "व्हॉट इज युवर नेम?"

मौलानं साहेबांचा सूर बरोब्बर पकडला होता.

साहेब दचकले. "नो, नो! व्हॉट इज युवर नेम?"

"नो, नो! व्हॉट इज युवर नेम?" पोरांनी पट्टी चढवली.

वाचकहो, त्या एका क्षणात मला सगळं समजलं! कीर्तनात बुवा विचारतात आणि बुवाच सांगतात. टाळकऱ्यानं बुवांना कधी उत्तर द्यायचं असतं का? तो ओळ उचलतो! माझ्या पोरांनी इतक्या दिवसांत एकाही प्रश्नाला उत्तर दिलेलं नव्हतं. मीच विचारत होतो, मीच सांगत होतो!

मी खांबाआडून दबक्या आवाजात म्हटलं, "पोरांनो, उत्तर द्या रं!"

"पोरांनो, उत्तर द्या रं!" पोरांचा गजर!

साहेब लाल झाले. "स्टॉप! आय से, स्टॉप धिस नॉनसेन्स!"

हे वाक्य मी कधी शिकवलेलं नव्हतं. पण पोरं तयारीची! जसंच्या तसं, साहेबांच्या ठसक्यासकट उचललं, "आय से, स्टॉप धिस नॉनसेन्स!" आणि ते चालीला असं बसलं म्हणून सांगू! गावानंही टाळ्या धरल्या. उजवीकडून पुरुष, "स्टॉप धिस!" डावीकडून बाया, "नॉनसेन्स!" कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. "काय बाई रसाळ वानी!"

साहेबांनी 'थांबा' म्हणून दोन्ही हात वर केले. आता बुवांनी हात वर केले म्हणजे काय? गजर वाढवा! टाळ असे कडाडले की पारव्यांनी देऊळ कायमचं सोडलं. साहेबांनी कानांवर हात ठेवले. मौला ओरडला, "बुवा तान घ्यायला लागलं! गप बसा रं!" आणि बिचारा पेटीवर सूर धरून तानेची वाट बघत बसला.

तान काही आली नाही. साहेब म्हणाले, "पाणी!"

"पाणी! पाणी!" पोरं.

साहेब दाराकडं धावले. दारात लालासाहेब खडे. सॅल्यूट ठोकून म्हणाले, "साहेब, आरती झाल्याबिगर मंडपातनं जाता येत न्हाई. बुवांनी तर न्हाईच न्हाई."

"माझी मोटार जाईल!"

"जाऊ द्या. हुकूम देवाचा हाय."

तेवढ्यात बायांची रांग लागली, बुवांच्या पाया पडायला! पहिलीच हरणाबाई. ती डोकं टेकून म्हणाली, "म्हाराज, तुमी एवढं इंग्रजी बोलता. माझ्या पोरीला बी येऊ द्या. तिला नर्स करायची हाय. तेवढा आशीर्वाद द्या."

साहेब खाली बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत छडी होती, व्याकरण होतं आणि बदलीचा हुकूमही होता.

"मास्तर, एकही मूल एका प्रश्नाचं उत्तर देत नाही. तुमच्या शाळेला..."

"साहेब, थांबा!" मी म्हटलं. पोरांनी उचललं, पण मी लक्ष दिलं नाही. "देवासाठी थांबा! चूक पोरांची नाही, जागेची आहे! तुम्ही बुवांच्या जागेवर उभे आहात. तिथं उभं राहील तो विचारतो आणि तोच सांगतो. तुम्ही टाळकऱ्यांत बसा. आणि अंबूला तिथं उभं राहू द्या."

काय मनात आलं कुणास ठाऊक, साहेब कोट सावरत टाळकऱ्यांच्या रांगेत बसले. कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिले. त्यांनी घेतलेही!

मी अंबूला फरशीवर उभं केलं. हातात माझ्या चिपळ्या दिल्या. हरणाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. मौलानं पेटी बंद केली.

अंबूनं चिपळ्या वाजवल्या. "व्हॉट इज युवर नेम?"

पोरांनी उचललं. साहेबांनीही, टाळासकट! सवय लागायला वेळ लागत नाही!

मग अंबूनं हात वर केला, अगदी माझ्यासारखा, आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "माय नेम इज नाथाजी मास्तर! आय ॲम ए ओल्ड मॅन! आय हॅव वन वाइफ! हर नेम इज रंगूबाई! शी इज व्हेरी अँग्री!"

आणि सगळ्या चौथीनं टाळ कुटून गजर केला, "शी इज व्हेरी अँग्री!"

काय करणार? मला वर्गात दाखले सुचायचे ते माझ्याच घरचे! आमच्या शाळेत पोरगा असो वा पोरगी, इंग्रजीत सगळ्यांचं नाव नाथाजी आणि सगळ्यांना एकेक रंगूबाई!

लालासाहेबांनी भर मंडपात त्याचं मराठी करून सांगितलं. बायांच्या रांगेतून रंगूबाईनं माझ्याकडं जे बघितलं, ते इंग्रजीत सांगण्याइतकं इंग्रजी मला अजून येत नाही.

आणि साहेब? साहेब हसले! असे हसले की हाराची फुलं गळाली, चष्मा निसटून मांडीवर पडला. डोळे पुसले, मग हातानं सगळ्यांना गप्प केलं. बसलेल्या माणसानं हात केला म्हणून गाव खरंच गप्प झालं. साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "अंबू, अँड युवर मदर? व्हॉट इज हर नेम?"

हे मी शिकवलेलं नव्हतं. वर्गात मी माझ्या आईचं नाव कधी सांगितलं नाही. पाठ केलेलं तिथं काही उपयोगाचं नव्हतं. पोरं टाळ उचलायला लागली, तशी अंबूनं चिपळ्यांनी त्यांना थांबवलं. ती घुमटाकडं बघत राहिली. गाय आठव पोरी, मी मनात म्हटलं, काऊ इज मदर ऑफ काफ, गाय आठव!

अंबूनं आईकडं बघितलं. आणि चाल न लावता, साध्या बोलण्यात, एकेक शब्द जोडत म्हणाली, "माय मदर... हर नेम इज हरणाबाई." आणि जरा थांबून, "शी इज... नॉट अँग्री."

साहेबांनी टाळ खाली ठेवले. म्हणाले, "गुड. व्हेरी गुड."

हरणाबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण आपलं नाव तिला समजलं. "माझं नाव घेटलं," ती शेजारणीला म्हणाली. "साहेबाम्होरं माझं नाव घेटलं पोरीनं, इंग्रजीत!"

मौलाला वाटलं, झालं आता. त्यानं भैरवी धरली. आरती झाली, साहेबांनीच केली, न करून सांगतात कुणाला! मोटार गेलेली होती. साहेब आमच्या घरी उपासाचं जेवले. रंगूबाई वरीचे तांदूळ वाढताना साहेब भीत भीत म्हणाले, "बास." ती म्हणाली, "घ्या वं, मी काय रागीट न्हाई!" आणि माझ्या ताटात काहीच वाढलं नाही.

जाताना साहेबांनी निकाल सांगितला. वाईकडच्या शाळेत आदल्या दिवशी जाऊन आले होते. तिथं प्रश्न विचारला की पोरं हात पुढं करत होती, छडीसाठी! "तेव्हा वर्ग कुंभारदऱ्याला," साहेब म्हणाले. "उच्चार उत्तम आहेत. इंग्रजीचा शिक्षक पाठवतो. फक्त एक अट."

"कुठलीही अट, साहेब!"

"मास्तर, इंग्रजीच्या तासाला तुम्ही वर्गात बसायचं. शिकवायला नाही."

तर वाचकहो, योजना माझीच यशस्वी झाली, यात कुणाला शंका नसावी. नव्या वर्षी इंग्रजीचे तरुण शिक्षक आले. मी पोरांच्या शेवटच्या रांगेत मांडी घालून बसलो, पाटी मांडीवर. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी थेट माझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

आता एवढं सोपं! मी छाती पुढं काढली, घसा साफ केला, दोन टाळ्या वाजवल्या आणि भूपात खणखणीत म्हटलं, "व्हॉट इज युवर नेम!"

पुढच्या रांगेतून अंबू वळली आणि कुजबुजली, "गुर्जी, आता आपुन सांगायचं असतं."